फोटोफ्रेममधला कोकणरस्ता: मॉडेल गाडीसाठी पहिला डायोरामा

दिवाळीत एकदा तरी किल्ला केलेल्या माणसाला डायोरामा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दगडविटा रचायच्या, वर ओलं पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, हळीव पेरायचं, मावळे उभे करायचे. त्या किल्ल्यात एक गंमत मात्र हमखास असते. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, पायथ्याचा वाघ हत्तीला खांदा लावेल एवढा असतो आणि पाणी भरणारी बाई महादरवाजातून वाकूनसुद्धा आत जाणार नाही अशी असते. किल्ल्यात ते खपून जातं, किंबहुना त्यातच मजा असते. मॉडेल गाडीसाठी देखावा करताना बदलायचं ते एवढंच: सगळं एका प्रमाणात हवं. बाकी हात बरबटणं, आईची बोलणी खाणं, सगळं तेच.

‘डायोरामा’ हा शब्द पॅरिसचा. फोटोग्राफीच्या आरंभकाळात ज्याचं नाव येतं त्या लुई दागेरने 1822 साली तिथे या नावाचं प्रेक्षागृह काढलं होतं. भल्यामोठ्या चित्रित पडद्यांवर उजेड बदलत देखावे दाखवायचे. पुढे हा शब्द संग्रहालयातल्या काचेआडच्या छोट्या देखाव्यांना चिकटला. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात तसे जुने नमुने पाहायला मिळतात. एकदा जाऊन पाहा आणि पाहताना मातीच्या बाहुल्यांपेक्षा त्यांच्या पायाखालच्या जमिनीकडे जास्त बघा.

गाडी आपण विकत आणतो, ती कारखान्यात नीटच बनलेली असते. फसतो आपण ते जमिनीत. म्हणून या लेखात बहुतेक वेळ रस्ता, माती आणि गडगा (चिरे रचून केलेली कुंपणाची भिंत) यांच्यावरच जाणार आहे. करायचं काय, तर 6 बाय 8 इंचाच्या फोटोफ्रेममध्ये कोकणातल्या एकपदरी रस्त्याचा तुकडा: डांबर, कडेची लाल माती, जांभ्याचा गडगा, एक विजेचा खांब, एक किलोमीटरचा दगड. झाड नाही, घर नाही, माणसं नाहीत. दोन शनिवार-रविवार पुरतात.

आधी गाडी मोजा

बहुतेकांच्या कपाटात हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, मॅजोरेट अशा बोटभर गाड्या असतात. त्या 1:64 च्या मानल्या जातात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढ्या. पण ‘मानल्या जातात’ हे शब्द महत्त्वाचे. या गाड्या एकाच मापाच्या खोक्यात बसवायच्या असल्यामुळे लहान गाडी थोडी फुगवलेली असते आणि ट्रक आक्रसलेला. स्वतः तपासणं सोपं आहे: खऱ्या गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला मॉडेलच्या लांबीने भागा. साडेचार मीटरची गाडी मॉडेलमध्ये 7 सेंमी असेल तर उत्तर 64 येतं. साडेतीन मीटरची चिमुकली गाडीही 7 सेंमीचीच असेल तर उत्तर 50. या दोघी एकाच देखाव्यात शेजारी उभ्या केल्या की काहीतरी खटकतं आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही. म्हणून पहिल्या डायोरामासाठी एकच गाडी निवडा. तिचं उत्तर 58 ते 70 च्या दरम्यान आलं तर खुशाल 1:64 धरा.

आता एक सूत्र पाठ करून टाका: 1:64 मध्ये एक फूट म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरला थोडा कमी, 4.8 मिमी. एक मीटर म्हणजे 15.6 मिमी. तुमची गाडी 1:43 ची असेल तर एक फूट म्हणजे 7 मिमी. हे 43 इतकं विचित्र का, तर त्याचं मूळ खेळण्यातल्या रेल्वेत आहे. ब्रिटनमध्ये ‘ओ-गेज’ या मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेगाड्या ‘फुटाला 7 मिलिमीटर’ या हिशेबाने बनायच्या, त्याच मापाच्या मोटारी पुढे आल्या आणि तो आकडा राहून गेला. मोठ्या 1:18 च्या गाडीला फुटामागे 17 मिमी लागतात. त्या गाडीचा रस्ता फोटोफ्रेममध्ये मावत नाही, तिचा नाद पहिल्या खेपेला नको.

आपल्या देखाव्याची मापं यातून अशी निघतात. एकपदरी रस्ता 3.75 मीटर रुंद, म्हणजे 59 मिमी. कमरेच्या वर येणारा चार फुटी गडगा 19 मिमी. जांभ्याचा चिरा सव्वा फुटाच्या आसपास लांब, म्हणजे 6 मिमी. साडेपाच फुटी माणूस 26 मिमी. माणूस आपण बसवणार नाही, पण 26 मिमीची एक काडेपेटीची काडी कापून जवळ ठेवा. प्रत्येक वस्तू तिच्याशेजारी धरून बघायची. गडगा काडीच्या डोक्यावरून गेला तर तो तुरुंगाची भिंत झाला. माझ्या टेबलावर ती काडी अजून आहे, तिला टोपीचा लाल रंगही दिलाय.

सामान

फोटोफ्रेम 6 बाय 8 इंचाची, लाकडी किंवा लाकडासारखी, कडा साध्या असलेली. नक्षीदार सोनेरी फ्रेम घेतली की आत रस्ता नाही, लग्नाचा फोटो शोधत राहतो माणूस. सनबोर्ड, म्हणजे प्लॅस्टिकच्या फोमचा पांढरा ताठ तक्ता, 5 मिमी आणि 3 मिमी जाडीचा, प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्या स्टेशनरीत मिळतो. हार्डवेअरच्या दुकानातून काळा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा काचपेपर), 400 नंबरचा एक आणि 600 नंबरचा एक. फेव्हिकॉल, साधा पांढरा. ऍक्रिलिक रंग: काळा, पांढरा, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, सॅप ग्रीन. कटर आणि नव्या ब्लेडची एक पुडी, स्टीलची पट्टी, जुना टूथब्रश, चहाची निवृत्त गाळणी, औषधाचा ड्रॉपर, पाणी फवारायची बाटली, थोडी सुतळी, बांबूची एक काडी. रंग आणि कटर घरात असले तर बाकीचं चार-पाचशे रुपयांत बसावं.

थर्माकोल मुद्दाम यादीत नाही. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, हे एक. दुसरं म्हणजे तो कापताना त्याचे गोळे सुटतात, ते अंगाला चिकटतात आणि रंगात उतरतात. तिसरं कारण अनुभवाचं. माझ्या पहिल्या देखाव्यात मी थर्माकोलचा डोंगर केला आणि झटपट व्हावं म्हणून त्यावर स्प्रे पेंटचा डबा चालवला. पाच मिनिटांत डोंगराला घळी पडल्या, दहा मिनिटांत दरी झाली. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंदही त्याला खातो. सनबोर्डला पाण्याचं भय नाही, ऍक्रिलिकचं नाही, आणि कटरने तो लोण्यासारखा नसला तरी पनीरसारखा नक्की कापला जातो.

कापताना एका दमात आरपार जायचा हट्ट नको. पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चार वेळा ब्लेड फिरवायचं. ब्लेड बोथट झालं की टोक मोडून नवं घ्यायचं. बोटं बहुधा बोथट ब्लेडनेच कापतात, कारण तेव्हा जोर लावला जातो. शाळकरी मुलं सोबत असतील तर कटर तुमच्या हातात, बाकी सगळं त्यांच्या.

कागदावर एक संध्याकाळ

फ्रेमच्या आतल्या मापाचा कागद कापा आणि त्यावर गाडी ठेवून बघा. पहिली इच्छा होईल ती रस्ता फ्रेमच्या लांब कडेला समांतर ठेवायची आणि गाडी बरोबर मध्ये उभी करायची. ती आवरा. समांतर रस्ता पट्टीसारखा दिसतो, मध्ये ठेवलेली गाडी शोरूममधली वाटते. रस्ता तिरका घ्या, एका कोपऱ्याजवळून शिरून समोरच्या कडेतून बाहेर जाणारा. फ्रेमने रस्ता मध्येच कापला की डोळा तो पुढे आपोआप चालू ठेवतो, आणि 13 मीटरच्या तुकड्यामागे सबंध तालुका उभा राहतो.

गाडी डांबरावरच हवी असंही नाही. मला ती दोन चाकं डांबरावर आणि दोन मातीत अशी उभी केलेली आवडते. एकपदरी रस्त्यावर गाडी थांबवायची तर तशीच थांबवतात, मागून एसटी येणार असते.

गडगा रस्त्याच्या मागच्या बाजूला, पण रस्त्याला तंतोतंत समांतर नको. खांब गाडीपासून लांब, मागच्या कोपऱ्यात. उंच वस्तू एकच ठेवा. पेन्सिलीने सगळं आखून झालं की कागद टेबलावर ठेवून एक रात्र जाऊ द्या. सकाळी त्यातली एक वस्तू काढून टाकावीशी वाटते. काढून टाका.

तळ आणि डांबर

फ्रेमची काच काढून बाजूला ठेवा, मागचा पुठ्ठा परत बसवा, त्याचा टेकू उपटून टाका आणि खालच्या चार कोपऱ्यांना खुर्चीच्या पायाला लावतात तसल्या नमद्याच्या टिकल्या चिकटवा. आतल्या मापाचा 5 मिमी सनबोर्ड कापून पुढच्या बाजूने पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने बसवा. त्याआधी त्याची चमक वॉटर पेपरने घासून घालवा, नाहीतर त्यावर गोंदही नीट धरत नाही आणि रंगही.

खरा रस्ता सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून तो मध्ये किंचित उंच आणि कडांना उतरता असतो. आपणही जिथून रस्ता जाणार त्याच्या मधोमध जाड कार्डशीटची 2 सेंमी रुंद पट्टी चिकटवायची, त्यावर 4 सेंमीची दुसरी. एवढ्याने जेमतेम मिलिमीटरभर उंची येते, पण उजेड तिरका पडला की ती दिसते.

आता 600 नंबरच्या वॉटर पेपरची 59 मिमी रुंद पट्टी. मागच्या बाजूने, जुन्या ब्लेडने कापा. पुढून कापलंत तर ब्लेड आणि कात्री दोन्ही कायमची गेली. सरळ कापून झाल्यावर दोन्ही कडा बोटांनी थोड्याथोड्या फाडा, कुठे 2 मिमी, कुठे 5. पावसाळ्यानंतर कोकणातल्या रस्त्याची कड जशी खाल्लेली असते तशी. फेव्हिकॉल पातळ थरात लावून पट्टी चिकटवा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर जाडजूड पुस्तकं रात्रभर. ही पुस्तकं ठेवली नाहीत तर कागद पाणी पिऊन फुगतो.

वॉटर पेपर काळा असतो आणि तो तसाच सोडून देण्याचा मोह होतो. काळं डांबर फक्त निवडणुकीच्या आधी दिसतं. एरवी वरचं डांबर झिजतं, उन्हाने विटतं, खालची काळ्या दगडाची खडी उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते, आणि रस्ता राखाडी होतो. पांढरा आणि काळा मिसळून मध्यम राखाडी करा, त्यात बर्न्ट सिएनाचा एक थेंब, म्हणजे तो सिमेंटसारखा थंड दिसणार नाही. पातळ करून एक हात द्या. वाळला की याच रंगात आणखी पांढरा घालून ड्रायब्रश: ब्रशला रंग लावायचा, जुन्या कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला कोरडा ब्रश पृष्ठभागावरून अलगद फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि वॉटर पेपरच्या कणांची खडी होते. ही एक युक्ती हाताला बसली की अर्धा डायोरामा आला.

रस्त्याच्या मधून एक धूसर गडद पट्टा द्या. पेन्सिलीचं शिसं घासून केलेली पूड बोटाने चोळली तरी चालते. गाड्यांतून थेंबथेंब गळणारं तेल तिथेच पडत असतं. 400 नंबरच्या वॉटर पेपरचा एक वेडावाकडा चौकोन, जेमतेम दीड सेंमीचा, कुठेतरी चिकटवा आणि त्याला मात्र जवळजवळ काळा राहू द्या: खड्डा बुजवल्याचं ठिगळ. पांढरी मधली रेघ मारू नका. एकपदरी रस्त्याला ती नसते, आणि नवशिक्याच्या हातची रेघ हजार गुणांवर पाणी फिरवते.

गडगा

वेळ इथेच द्या. बाजारात विटांच्या छापाचे कागद मिळतात, भिंत कापून वर कागद डकवला की झालं, असं सुचवणारे भेटतील. लांबून ठीक दिसतं. पण दीडशे चिरे एकेक करून रचलेला गडगा आणि छापलेला गडगा यांतला फरक लहान मुलालाही कळतो.

3 मिमी सनबोर्डच्या 3 मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. मग प्रत्येक पट्टीचे 5 ते 7 मिमीचे तुकडे. सनबोर्डची जाडीच चिऱ्याची उंची होते, ही यातली सोय. 16 सेंमी लांबीच्या गडग्याला एका थरात सत्तावीस-अठ्ठावीस चिरे लागतात, सहा थरांत दीडशेच्या वर. मोबाइलवर काहीतरी लावून द्या आणि कापत बसा. तुकडे सारखे आले नाहीत तर उत्तमच. प्रत्येकाच्या कडा नखाने थोड्या दाबा, आणि टूथब्रशचे ताठ केस किंवा टाचणीचं टोक टोचून पुढच्या बाजूला बारीक भोकं पाडा. जांभा असाच छिद्राछिद्रांचा असतो.

गडगा कार्डशीटच्या अरुंद पट्टीवर, फ्रेमच्या बाहेरच रचा. पहिला थर सरळ रेषेत. पुढच्या थराचा चिरा खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर. प्रत्येक थर थोडा वाळू द्या, नाहीतर सगळं एकदम घसरतं. एका टोकाला वरचे दोन थर अर्धवट सोडा आणि चार-पाच चिरे पायथ्याशी पडलेले ठेवा. गुरं उडी मारून जातात तिथे गडगा नेहमीच ढासळलेला असतो.

रंग तीन टप्प्यांत. आधी बर्न्ट सिएनात चिमूटभर काळा घालून सगळीकडे, सांध्यांत सुद्धा. वाळल्यावर काळ्या रंगाचं अगदी पातळ पाणी, चहाच्या रंगाएवढं, वरून सोडायचं. ते भोकांत आणि सांध्यांत जाऊन बसतं आणि चिरे सुटे दिसू लागतात. याला मॉडेल करणारे ‘वॉश’ म्हणतात. शेवटी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर मिसळून ड्रायब्रश. जुन्या जांभ्याचा माथा पावसाने काळा पडलेला असतो, तिथे काळा-राखाडी थोपटा. पायथ्याशी सॅप ग्रीनचा वॉश. सगळे चिरे एकाच लाल रंगाचे ठेवले तर गडगा गाजराच्या हलव्यासारखा दिसतो. आठ-दहा चिऱ्यांना वेगळी छटा द्याच.

तयार गडगा पट्टीसकट फ्रेममध्ये चिकटवा. पट्टीची कड उघडी दिसेल, काळजी नको, माती तिला झाकणार आहे.

माती

खरी माती वापरा. लाल माती कोकणातूनच आणायला हवी असं नाही. रोपवाटिकेत कुंडीसाठी मिळते. पण ती तशीच टाकायची नाही. जुन्या तव्यावर अर्धा तास मंद आचेवर कोरडी भाजा, खिडकी उघडी ठेवून. त्यात किड्यांची अंडी असतात, बुरशी असते, आणि पहिल्या पावसाळ्यात दोन्ही जागी होतात. थंड झाली की चहाच्या गाळणीने चाळा, मग जुन्या पंचाच्या कापडातून वस्त्रगाळ. इतकं कशाला, तर 1 मिमीचा कण आपल्या जगात साडेसहा सेंटिमीटरचा दगड असतो. न चाळलेली माती पसरली की रस्त्याकडेला खडीचा ट्रक उलटल्यासारखं दिसतं. गाळणीत वर राहिलेले कण फेकू नका, गडग्याच्या पायथ्याशी धोंडे म्हणून तेच बसतात.

रस्ता सोडून उरलेल्या सगळ्या जागेवर आधी बर्न्ट सिएना रंग मारा, म्हणजे माती कुठे विरळ पडली तर खालून पांढरा सनबोर्ड डोकावणार नाही. मग फेव्हिकॉल पसरा आणि गाळणीतून माती भुरभुरवा. डांबराच्या फाटक्या कडांवर ती थोडी चढू द्या. आता फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून लांबून हलकी फवारणी. साबण नसेल तर पाणी कोरड्या मातीवर शिरतच नाही, मोत्यांसारखे थेंब होऊन घरंगळतं आणि माती ओढून नेतं. सगळं ओलसर झालं की एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि तोच साबणाचा थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडत जा. पांढरं तळं साचलेलं पाहून धीर सोडू नका, वाळल्यावर ते पारदर्शक होतं. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस हात लावायचा नाही.

अजून एक: गोंद पिऊन माती गडद होते. नंतर कोरड्या मातीचीच वस्त्रगाळ पूड ब्रशने वर चोळली की मूळ रंग परत येतो. थोडी डांबराच्या कडेलाही. कोकणात रस्त्याची कड कायम लालसर असते.

माती ओली असतानाच एक गोष्ट उरकून घ्या. गाडीची मातीतली दोन चाकं जिथे येणार तिथे गाडी अलगद दाबून उचला. उरलेल्या ठशात चाक बरोबर बसतं. चाक आणि जमीन यांच्यात केसाएवढी फट राहिली की गाडी तरंगते, आणि देखावा खोटा पडतो तो बहुधा तिथेच.

गवत

दिवाळीच्या किल्ल्यासारखं हळीव पेरायची कल्पना माझ्या पुतण्याने मांडली होती. हिशेब केला: पाच सेंटिमीटरचा कोंब 1:64 मध्ये सव्वातीन मीटर उंच. गाडी उसात शिरल्यासारखी दिसली असती.

गुडघाभर गवत म्हणजे दीड फूट, आपलं 7 मिमी. सुतळीचा पीळ सोडवा, धागे सॅप ग्रीनच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवा, 5 ते 8 मिमीचे तुकडे करा आणि चिमटीत धरून एका टोकाला फेव्हिकॉल लावून गडग्याच्या पायथ्याशी उभे करा. दहा-बारा झुबके खूप झाले, आणि ते ओळीत नकोत. काही धागे न रंगवलेले मिसळा. नोव्हेंबरनंतर कोकणातलं गवत सोनेरी होतं, सगळं हिरवंगार ठेवलंत तर देखावा श्रावणातला झाला आणि मग माती ओली, डांबर ओलं, सगळंच बदलावं लागतं. पाचोळ्यासाठी वापरलेली चहाची पूड धुऊन, उन्हात वाळवून, माती भाजली तशी भाजून घ्या. कच्ची वाळवलेली पूड आठवड्याभरात पांढरी लव धरते.

झाड मी मुद्दाम टाळलंय. बारा मीटरचा आंबा म्हणजे 19 सेंमी, फ्रेमच्या लांबीएवढा. आणि पहिलं झाड प्रत्येकाचं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं होतं. ते पुढच्या वर्षी.

खांब आणि दगड

आठ मीटरच्या विजेच्या खांबाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत असतो, म्हणजे वर दिसतो तो पावणेसात मीटर, आपला 10.5 सेंमी. बांबूच्या काडीला राखाडी रंग, वरच्या टोकाला काडेपेटीच्या काडीचा आडवा तुकडा, त्यावर टाचणीच्या डोक्यांचे दोन पांढरे चिनी मातीचे ‘कप’. तारा नकोत, फ्रेमच्या बाहेर जायला त्यांना जागा नाही, आणि हवेत तुटलेल्या तारा बघून कोणीतरी महावितरणवर बोलायला लागतो. खांब एखाद-दुसऱ्या अंशाने कलता बसवा.

किलोमीटरचा दगड 9-10 मिमी उंच, वरून गोल, सनबोर्डचाच. डोक्याचा रंग विचार करून द्या: पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं, नारिंगी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचं. एकपदरी खाल्लेल्या रस्त्यावर पिवळ्या डोक्याचा दगड लावलात तर मुंबई-गोवा महामार्गाची थट्टा केली असं लोक समजतील. आपल्याला नारिंगी. गावाचं नाव हाताने लिहायला जाऊ नका; कॉम्प्युटरवर 6 पॉइंटच्या अक्षरांत टाइप करून लेझर प्रिंट काढा आणि चिकटवा. आपल्या गावाचं नाव घातलं की घरचे भिंग घेऊन बघतात.

गाडी उभी करताना

गाडी कायमची चिकटवू नका, आणि झटपट गोंदाने तर कधीच नाही. मी एका गाडीचा निघालेला आरसा त्याने लावला आणि लगेच डबीत बंद करून ठेवली. सकाळी सगळ्या काचा धुक्यातल्यासारख्या पांढुरक्या. त्या गोंदाची वाफ बंद जागेत गुळगुळीत पृष्ठभागावर बसते. गाडीच्या पोटाखाली ब्लू-टॅकची (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याची) गोळी पुरेशी आहे. महिन्याने गाडी बदलता येते, हा वरचा फायदा.

चकचकीत गाडी धुळीच्या रस्त्यावर खेळणं वाटते. पण पहिल्याच खेपेला तिच्यावर रंग चढवायचं धाडस नको. तपकिरी खडू काचपेपरवर घासून पूड करा आणि मऊ कोरड्या ब्रशने चाकांवर, दारांच्या खालच्या भागात, मागच्या बंपरवर लावा. नाही आवडलं तर ओल्या फडक्याने पुसा, गाडी होती तशी.

हे सगळं धुळीपासून जपायला ऍक्रिलिकची पेटी करून घेता येते. पेटीत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या ठेवा. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही जातींचं प्लॅस्टिक मऊ पडतं. खिडकीतलं थेट ऊनही नको, रंग विटतात.

फोटो

फोटो वरून काढला की तो फोटोफ्रेममधल्या खेळण्याचाच येतो. उभ्या माणसाचा डोळा पाच फुटांवर असतो, म्हणजे इथे 24 मिमीवर. फोन उलटा धरा, लेन्स खाली येईल असा, आणि फ्रेमच्या कडेला टेकवा. जरा मागे सरकून दुप्पट झूम करा, गाडीचं नाक फुगत नाही. उजेड एकाच बाजूने, सकाळी आठ-साडेआठचा तिरका.

मागे काय ठेवायचं याचं उत्तर अमेरिकेतल्या मायकेल पॉल स्मिथ यांनी देऊन ठेवलंय. ‘एल्गिन पार्क’ नावाचं न असलेलं गाव त्यांनी 1:24 च्या गाड्यांतून उभं केलं. टेबलावर छोटे रस्ते आणि घरं मांडायची, टेबल मोकळ्यावर न्यायचं, आणि मागे खरीच लांबची झाडं, खरंच आकाश येऊ द्यायचं. आपण गच्चीच्या कठड्यावर फ्रेम ठेवायची. समोरच्या सोसायटीतला लांबचा नारळ गडग्यामागे बरोबर उगवतो. पाण्याची टाकी तेवढी चौकटीबाहेर ठेवायची.

असा काढलेला फोटो मी घरच्यांना पाठवला तेव्हा काकूने विचारलं, हा रस्ता आडिवऱ्याच्या पुढचा का? आणि पुतण्याने विचारलं, गाडीत ड्रायव्हर का नाही? गडग्यापलीकडे गेलाय, म्हटलं, येईल.